‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ : हसत हसत मांडलेला डाव

डावपेचांच्या संगणकीय खेळांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भलेमोठे नकाशे, सैन्याच्या तुकड्या, आकड्यांनी गच्च भरलेले तक्ते आणि पहिल्याच तासात दमछाक करणारी नियमावली उभी राहते. पॉपकॅप गेम्स या कंपनीने मे २००९ मध्ये विंडोज आणि मॅकसाठी आणलेला ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा खेळही त्याच कुळातला आहे. मात्र त्यातले रणांगण म्हणजे घरापुढची हिरवळ, सैन्य म्हणजे तिथे लावलेली झाडे आणि शत्रू म्हणजे डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू किंवा पत्र्याची बादली चढवून, पाय ओढत, घराच्या दाराकडे निघालेले मुर्दे. त्यांना आपला मेंदू खायचा आहे आणि आपल्याला त्यांना दारापर्यंत पोहोचू द्यायचे नाही. कथा एवढीच. एवढ्याशा कथेवर उभा असलेला हा खेळ इतक्या वर्षांनंतरही एकदा सुरू केला की बंद करवत नाही, आणि त्यामागची कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

माझ्या मते त्यातले मुख्य कारण हे, की या खेळातला विनोद आणि डावपेच एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. अनेक खेळांमध्ये मूळ यंत्रणा कोरडी असते आणि तिच्यावर गमतीदार चित्रे व चुरचुरीत संवाद सजावटीसारखे चढवलेले असतात; ती सजावट दोन-तीन तासांत सवयीची होते आणि मग दिसेनाशी होते. इथे ज्या गोष्टीला आपण हसतो तीच गोष्ट पुढच्या चालीची माहिती देते. त्यामुळे हसणे आणि विचार करणे ही दोन्ही कामे एकाच नजरेत होतात, आणि खेळाची ओढ शेवटपर्यंत टिकते.

हिरवळीवर पाच रांगा आणि प्रत्येक रांगेत नऊ चौकोन आखलेले आहेत. डावीकडे घर आहे, उजवीकडून झॉम्बी येतात आणि सहसा आपली रांग सोडत नाहीत. एका चौकोनात एक झाड लावता येते, आणि झाड लावण्यासाठी सूर्यप्रकाश खर्च करावा लागतो. हा सूर्यप्रकाश चमकत्या गोळ्यांच्या रूपात अधूनमधून आकाशातून पडतो आणि सूर्यफुले लावली तर तीही तो देतात. प्रत्येक गोळ्यावर क्लिक करून तो जमा करायचा असतो. प्रत्येक रांगेच्या टोकाशी, घराला लागून, गवत कापायचे एक यंत्र उभे असते. झॉम्बी तिथपर्यंत पोहोचला तर ते यंत्र आपोआप सुटते आणि त्या रांगेतल्या सगळ्या झॉम्बींना कापत थेट पलीकडे निघून जाते, पण असे एकदाच होते. त्याच रांगेतून पुन्हा कोणी आत शिरला की डाव संपतो. टॉवर डिफेन्स या प्रकारातल्या इतर बहुसंख्य खेळांमध्ये शत्रू नागमोडी वाटेने चालत जातो आणि आपण वाटेच्या कडेला मनोरे उभारून त्याच्यावर मारा करतो. या खेळात झाडे ऐन वाटेतच उभी असतात आणि झॉम्बी त्यांना खात खात पुढे सरकतात. या एका बदलामुळे प्रत्येक झाड मारा करणारे शस्त्रही ठरते आणि शत्रूला रोखून धरणारा अडथळाही, आणि ते कोणत्या चौकोनात लावायचे हा प्रश्न पहिल्या मिनिटापासून महत्त्वाचा होतो.

खेळाचा आराखडा जॉर्ज फॅन यांचा आहे. त्याआधी त्यांनी ‘इन्सॅनिक्वेरियम’ नावाचा मत्स्यालयाचा खेळ केला होता. त्यात माशांना खाऊ घालून नाणी मिळवायची आणि मधूनमधून चाल करून येणाऱ्या परग्रहवासीयांपासून त्यांना वाचवायचे, अशी रचना होती. रिच वर्नर यांची चित्रे, टॉड सेंपल यांचे प्रोग्रॅमिंग आणि लॉरा शिगिहारा यांचे संगीत यांच्या साथीने फॅन यांच्या छोट्या चमूने सुमारे साडेतीन वर्षे खपून नवा खेळ पुरा केला. पुढे २०१२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये दिलेल्या व्याख्यानात फॅन यांनी, आपल्या आईलाही हा खेळ शेवटपर्यंत खेळता यावा म्हणून त्यात काय काय केले, हे उलगडून सांगितले. पडद्यावर एका वेळी आठांपेक्षा जास्त शब्दांची सूचना दाखवायची नाही, हा त्यातला एक नियम होता. दुसरी गोष्ट सूर्यफुलाच्या किमतीची. सुरुवातीला सूर्यफूल आणि पीशूटर या दोन्ही झाडांची किंमत सारखीच, म्हणजे १००, होती, आणि नवे खेळाडू सूर्यफुलांकडे पाठ फिरवून आधी वाटाणे झाडणारे पीशूटरच लावत सुटायचे. सूर्यफुलाची किंमत निम्मी करून ५० वर आणल्यावर लोक ते आपण होऊन लावू लागले. ज्याला खेळाची रचना कशी घडते याची थोडीही उत्सुकता आहे, त्याने या एका बदलाचा विचार अवश्य करावा. खेळाडूला बजावून सांगण्याऐवजी त्याच्यासमोरची किंमत बदलली, आणि जे शिकवायचे होते ते न सांगताच त्याच्या पदरात पडले.

याच पद्धतीने पहिल्या काही लेव्हल बांधलेल्या आहेत. पहिल्या लेव्हलमध्ये पाचपैकी एकाच रांगेत गवत असते आणि हाती फक्त पीशूटर असतो. दुसऱ्या लेव्हलमध्ये रांगा तीन होतात आणि सूर्यफूल येते. सगळ्या पाच रांगा खुल्या व्हायला चौथी लेव्हल उजाडते. या काळात कोणी काही समजावत बसल्यासारखे वाटत नाही. अनुभवी खेळाडूला हा भाग संथ वाटू शकतो, पण तो लवकर सरतो.

पुढे जो हिशेब सुरू होतो तो दिसतो त्याहून खोल आहे. साधारण लेव्हलच्या सुरुवातीला हाती ५० सूर्यप्रकाश असतो, म्हणजे पहिली खरेदी बहुतेक वेळा सूर्यफुलाचीच होते. ते दर २४ सेकंदांच्या आसपास २५ सूर्यप्रकाश देते, म्हणजे दोन खेपांत त्याची किंमत वसूल होते आणि त्यानंतरचे सगळे उत्पन्न नफ्याचे. दुसरीकडे पीशूटर सुमारे दीड सेकंदाला एक वाटाणा झाडतो आणि साध्या झॉम्बीला पाडायला दहा वाटाणे लागतात. यामुळे पहिल्या मिनिटाभरात एक अतिशय सुंदर ताण तयार होतो : पहिला झॉम्बी उजव्या टोकाला दिसला आहे, तो संथ चालतो आहे, हातात जेमतेम शंभर जमले आहेत, या शंभरात दोन सूर्यफुले लावून पुढची सोय पाहायची की लगेच एक पीशूटर लावून ही रांग सुरक्षित करायची? तिसरा मार्गही आहे. २५ सूर्यप्रकाशाची बटाट्याची सुरुंग-पेरणी केली तर ती झॉम्बीला एका फटक्यात उडवते, पण मातीतून डोके वर काढून सज्ज व्हायला तिला पंधरा सेकंदांच्या आसपास लागतात. झॉम्बी नेमक्या कोणत्या चौकोनात आहे आणि पंधरा सेकंदांत कुठवर येईल याचा अंदाज बरोबर असेल, तर पाऊणशे सूर्यप्रकाश वाचतो आणि त्यात आणखी एक सूर्यफूल लावूनही २५ शिल्लक राहतो. तो अंदाज साधला की बटाटा ज्या आवाजात फुटतो आणि झॉम्बीच्या जागी जो कुस्करा उरतो, त्याने हसू आल्याशिवाय राहत नाही. आणि हे हसू बरोबर ठरलेल्या हिशेबाचेच असते.

विनोद आणि माहिती यांची ही सांगड झॉम्बींच्या रूपात सर्वांत ठळक दिसते. साध्या झॉम्बीला दहा वाटाणे पुरतात, शंकूवाल्याला २८ लागतात आणि बादलीवाल्याला ६५. हे आकडे खेळात कुठेही लिहिलेले नाहीत, आणि लिहिण्याची गरजही नाही, कारण डोक्यावर बादली पाहताच हा जास्त मार खाणार हे कोणालाही उमगते. वाटाणे आपटून बादलीला पोचे पडत जातात, मग ती गळून पडते. म्हणजे शत्रूची किती ताकद शिल्लक आहे हे दाखवणारी पट्टी वेगळी काढायची गरज उरत नाही. बांबूउडी मारणारा झॉम्बी हातात लांब काठी घेऊन धावत येतो आणि वाटेतले पहिले झाड उडी मारून ओलांडतो. त्यामुळे रांगेच्या अगदी पुढे लावलेले महागडे झाड त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते, आणि त्याची उडी फुकट घालवण्यासाठी पुढे एखादे स्वस्त झाड लावण्याची युक्ती खेळाडूला आपोआप सुचते. उडी मारल्यावर काठी सुटते आणि तोही इतरांसारखाच रखडत चालू लागतो. जाळीचे दार ढालीसारखे पुढे धरून येणारा झॉम्बी वाटाण्यांना दाद देत नाही, पण अळंबीचा धूर त्या जाळीतून आरपार जातो. जाळी धुराला अडवत नाही हे व्यवहारज्ञान इथे डाव म्हणून वापरता येते.

वर्तमानपत्र वाचत येणारा म्हातारा झॉम्बी हे माझ्या दृष्टीने या खेळातले सर्वांत नेमके पात्र आहे. तो आपल्याच नादात असतो. वाटाणे त्याच्या वर्तमानपत्रावर आपटतात आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. कागद फाटून हातातून गेला की तो क्षणभर थबकतो, त्याचे डोळे लाल होतात आणि तो दुप्पट त्वेषाने धावत सुटतो. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस मोठ्याने हसतो, आणि दुसऱ्यांदा तोच माणूस त्याचे वर्तमानपत्र कोणत्या चौकोनात फाटेल हे आधी ठरवून झाडे लावतो. वाचनात व्यत्यय आणलेल्या माणसाचा संताप हे त्या पात्राचे स्वभावचित्रही आहे आणि त्याचा नियमही. हा नियम आकड्यांच्या भाषेत सांगितला असता तर कोणाच्या लक्षातही राहिला नसता.

झाडांच्या बाजूनेही हीच काळजी घेतलेली आहे. वॉल-नट हा ५० सूर्यप्रकाशाचा अक्रोड काहीच मारा करत नाही, तो फक्त समोर उभा राहून चावे सोसतो. त्याचा चेहरा आधी शांत असतो, मग एक लचका निघतो, मग अर्धी बाजू जाते आणि डोळ्यांत काळजी दिसू लागते. त्याची जागा घेणारा नवा अक्रोड तयार व्हायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून खेळाडूची नजर सतत त्या चेहऱ्याकडे जाते. एका निर्जीव भिंतीबद्दल माणसाला माया वाटावी, हे चित्रकाराचे मोठे यश आहे. सगळी झाडे संगीताच्या ठेक्यावर हलकेच डुलतात. वरवर पाहता ही केवळ शोभा आहे, पण दिवसा लावलेली अळंबी मात्र डुलायचे सोडून झोपून राहते, आणि ते झोपलेले रूप पाहूनच तिला उठवायला कॉफीच्या बीची गरज आहे हे कळते.

मोहिमेत, म्हणजे खेळाच्या मुख्य भागात, ५० लेव्हल आहेत आणि त्या दहा-दहाच्या पाच टप्प्यांत विभागलेल्या आहेत. दर टप्प्याला खेळाडूच्या पायाखालची एखादी सवय काढून घेतली जाते, आणि माझ्या मते या खेळाच्या रचनेतला हा सर्वांत समृद्ध भाग आहे. पहिला टप्पा दिवसाचा. दुसरा रात्रीचा, आणि रात्री आकाशातून सूर्यप्रकाश पडत नाही, त्यामुळे ज्या हिशेबावर आतापर्यंत विसंबून राहिलो तो कोलमडतो. त्याची भरपाई अळंबी करते : पफ-श्रूम ही इवलीशी अळंबी फुकट मिळते, तिचा पल्ला तीन-चार चौकोनांपलीकडे जात नाही, पण फुकटच्या सैन्यावर पहिले मिनिट तगून जाता येते. सन-श्रूम २५ मध्ये मिळते, लहान असताना कमी सूर्यप्रकाश देते आणि वाढल्यावर सूर्यफुलाइतका देऊ लागते. तिसऱ्या टप्प्यात घराच्या मागच्या बाजूचा पोहण्याचा तलाव येतो, रांगा सहा होतात आणि त्यांपैकी मधल्या दोन पाण्यात असतात, जिथे आधी २५ सूर्यप्रकाशाचे कमळपान टाकल्याशिवाय बहुतेक झाडे लावताच येत नाहीत. तलावात स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून पाण्याखालून येणारा झॉम्बी आहे. वाटाणे त्याच्या डोक्यावरून निघून जातात, पण खाण्यासाठी त्याला वर यावेच लागते. म्हणून कमळपानावर एक अक्रोड ठेवून त्याला वर यायला भाग पाडायचे आणि मागच्या झाडांनी त्याला टिपायचे. ही युक्ती कोणी शिकवत नाही, ती त्या झॉम्बीकडे दोन क्षण लक्ष देऊन पाहणाऱ्याला सापडते.

चौथ्या टप्प्यात त्याच तलावावर रात्रीचे धुके पसरते आणि अर्धे अंगण दिसेनासे होते. धुक्यातून फुग्याला लटकलेले झॉम्बी तरंगत येतात, आणि जमिनीखालून बोगदा खणत येणारा खाणकामगार थेट घरापाशी वर निघून झाडांना मागून खायला लागतो. पुढच्या बाजूचे संरक्षण कितीही भक्कम असले तरी मागे गाफील राहिलेल्या खेळाडूची इथे तारांबळ उडते. पाचवा टप्पा छपराचा. तिथे माती नसल्यामुळे प्रत्येक झाडाला कुंडी लागते, आणि छपराला उतार असल्यामुळे सरळ रेषेत झाडलेले वाटाणे कौलांवर आपटून वाया जातात. इतका वेळ ज्याच्यावर भिस्त ठेवली तो पीशूटरच कुचकामी ठरतो आणि कोबी, मका व कलिंगडे उंच फेकून मारणारी नवी झाडे शिकावी लागतात. खेळ संपत आला असताना खेळाडूला पुन्हा विद्यार्थी करणे हे धाडसाचे काम होते, आणि ते इथे पूर्ण साधले आहे.

हातात जसजशी जास्त झाडे येतात तसतसा निवडीचा प्रश्न अवघड होत जातो. एकूण ४९ प्रकारची झाडे आहेत, पण डावात सुरुवातीला सहाच प्रकार नेता येतात. ती मर्यादा खेळातल्या नाण्यांनी वाढवत वाढवत दहापर्यंत नेता येते. निवड करण्याआधी पडदा उजवीकडे सरकतो आणि रस्त्यावर वाट पाहत उभे असलेले झॉम्बी दाखवतो. ते तिथे नुसते झुलत, हातवारे करत, बादल्या सावरत उभे असतात. हा क्षण गमतीचा आहे, आणि तोच पुढच्या दहा मिनिटांच्या डावाचा पाया आहे, कारण त्या गर्दीत फुगा दिसला तर कॅक्टस घ्यायला हवा, फुटबॉलचा गणवेश दिसला तर लोखंडी टोप ओढून घेणारी चुंबक-अळंबी घ्यायला हवी, शिडी दिसली तर अक्रोडांवर फार भरवसा ठेवता येणार नाही. सहा जागा आणि आठ गरजा असल्या की कोणत्या दोन सोडायच्या हे ठरवताना खरा डावपेच खेळला जातो. झाडांचे एकमेकांशी असलेले संबंधही जपून हाताळावे लागतात. टॉर्चवुड या पेटत्या ओंडक्यातून जाणारे वाटाणे पेट घेतात आणि दुप्पट जखम करतात. पण शत्रूची चाल मंदावणारे बर्फाचे वाटाणे त्याच ओंडक्यातून गेले तर वितळून साधे वाटाणे होतात. दोन चांगल्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एकीचा गुण दुसरी मारते, हे तर्काला इतके धरून आहे की ते पाठ करावे लागत नाही.

आता व्यसनाविषयी. ‘आणखी एकच लेव्हल’ ही ओढ या खेळात कशी तयार होते हे पाहायचे, तर एका लेव्हलचा शेवट बारकाईने पाहावा. खाली उजव्या कोपऱ्यातल्या पट्टीवर झॉम्बीचे छोटे डोके डावीकडे सरकत असते आणि मोठ्या लाटांच्या जागी निशाणे रोवलेली असतात. शेवटचे निशाण जवळ येते, लाल अक्षरांत इशारा झळकतो, संगीतात ढोल वाढतात आणि पाचही रांगांतून एकदम गर्दी उसळते. या वेळी हात क्षणभरही रिकामा राहत नाही : सूर्यप्रकाश टिपायचा, फुटलेला अक्रोड बदलायचा, आणि दीडशेचा चेरी बॉम्ब नेमका कुठे टाकायचा ते ठरवायचे, कारण तो पुन्हा मिळायला जवळजवळ ५० सेकंद लागतात आणि तेवढी उसंत आता नाही. मग गर्दी विरळ होते, शेवटचा झॉम्बी पडतो, आणि तो जिथे पडला तिथे बियाण्याचे एक नवे पाकीट उरते. त्या पाकिटावर स्वतः क्लिक केल्यावर पडदा उजळतो आणि नव्या झाडाची ओळख होते. ज्या झाडाची आत्ताच गरज भासली होती, नेमके तसेच काहीतरी हाती आलेले असताना ते न वापरता उठून जाणे कोणालाही जड जाते. लेव्हल साधारण पाच-दहा मिनिटांत संपते, हरलात तरी काही गमावत नाही आणि कुठे चुकले हे डोळ्यांसमोर घडलेले असते. ही ओढ प्रामाणिक आहे, कारण प्रत्येक वेळी खेळ खरोखरच काहीतरी नवे देतो. खेळाडूला ताटकळत ठेवून किंवा रोज हजेरी लावायला लावून ती निर्माण केलेली नाही.

वेडा शेजारी डेव्ह, जो डोक्यावर पातेले घालून निरर्थक बडबड करतो आणि गाडीच्या डिकीतून माल विकतो, त्याच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो आवडतो, आणि त्याचे दुकान उघडेपर्यंत जमवलेल्या नाण्यांना वाट मिळते. झॉम्बींकडून मधूनच येणारी, वेड्यावाकड्या अक्षरांतली, अशुद्ध लेखनाने भरलेली पत्रे मला जास्त आवडतात. त्यांतली धमकी इतकी अदबीने दिलेली असते की या शत्रूचा राग धरणे अशक्य होते. झाडांची आणि झॉम्बींची माहिती देणारे जे पंचांगवजा पुस्तक खेळात आहे, त्यातल्या नोंदीही चवीने वाचाव्यात अशा आहेत.

उणिवा आहेत, आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली म्हणजे मोहीम अनुभवी खेळाडूसाठी सोपी आहे. सूर्यफुलांच्या दोन उभ्या ओळी लावून पाय रोवले की मोहिमेतले बरेचसे डाव एकाच साच्यात जिंकता येतात, आणि गवत कापायची यंत्रे बहुतेक वेळा जागची हलतही नाहीत. दुसरी, सूर्यप्रकाशाच्या प्रत्येक गोळ्यावर क्लिक करणे सुरुवातीला हात गुंतवून ठेवते, पण अंगणात डझनभर सूर्यफुले झाली की ते केवळ कष्टाचे काम होते. तिसरी, झेन गार्डन या भागात कुंड्यांना पाणी घालून नाणी मिळवायची असतात. मुख्य खेळातली बुद्धी तिथे कुठेच लागत नाही, आणि शेवटच्या महागड्या अपग्रेडसाठी नाणी साठवताना तेच ते करावे लागते. मोहीम दुसऱ्यांदा खेळताना डेव्ह आपल्या वतीने तीन झाडे निवडून देतो, ही कल्पना मात्र चांगली आहे. नको असलेली तीन झाडे गळ्यात पडल्यावर त्यांचाही उपयोग करून घ्यावा लागतो आणि ठरलेला साचा मोडतो. कल्पना चांगली असली तरी लेव्हल त्याच असल्यामुळे पहिले टप्पे पुन्हा रेंगाळतात.

खऱ्या कठीण डावांची हौस असेल त्यांनी मोहीम संपवून उरलेल्या भागांकडे वळावे, कारण खेळाची सगळी कल्पकता तिथे मोकळी सुटलेली आहे. वीस मिनी-गेममध्ये अक्रोडांची बोलिंग आहे, झॉम्बींच्या धडावर झाडांची डोकी बसवलेला एक प्रकार आहे, आणि फॅन यांच्या जुन्या मत्स्यालयाच्या खेळाची आठवण करून देणारा एक प्रकारही आहे, ज्यात माशांऐवजी झॉम्बी पोहतात. ‘आय, झॉम्बी’ या कोड्यांमध्ये बाजू पालटते : झाडे आधीच लावलेली असतात आणि मोजक्या सूर्यप्रकाशात झॉम्बी विकत घेऊन प्रत्येक रांगेच्या टोकाचा मेंदू आपल्यालाच मिळवायचा असतो. इतके दिवस ज्यांच्याशी झुंजलो त्यांच्या स्वभावांची ओळख इथे कामी येते, आणि बांबूउडीवाल्याची उडी कोणत्या झाडावर खर्च करायची हा विचार आता उलट्या बाजूने करावा लागतो. सर्व्हायव्हल प्रकारातला न संपणारा डाव तर वेगळाच खेळ म्हणावा असा आहे. टेलिफोनचा खांब घेऊन झाडे ठेचत येणारा गार्गँटुआर, ज्याला पाडायला दोन चेरी बॉम्ब लागतात, तिथे थव्याने येतो, आणि ५०० सूर्यप्रकाशाची मक्याची तोफ केव्हा डागायची याचे वेळापत्रक आखल्याशिवाय फार काळ टिकता येत नाही. मोहिमेला सोपी म्हणून नावे ठेवणाऱ्या बऱ्याच जणांनी हा भाग उघडूनच पाहिलेला नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लॉरा शिगिहारा यांच्या संगीताचा उल्लेख वर ओझरता आला, पण त्याला स्वतंत्र दाद द्यायला हवी. दिवसाची धून चोरपावलांची आहे, तलावाची खेळकर आहे, धुक्याची एकाकी आहे. आणि शत्रू वाढले की त्याच धुनेवर तालवाद्ये चढत जातात, त्यामुळे पडद्याकडे न पाहताही गर्दी किती आहे हे कानांना कळते. मोहिमेच्या शेवटी सूर्यफुलाच्या आवाजात येणारे गाणे शिगिहारा यांनी स्वतः गायलेले आहे, आणि ते ऐकण्यासाठी तरी मोहीम पुरी करावी.

खेळ घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न उरतो. २०१० मध्ये तो आयफोनवर आला, जुलै २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पॉपकॅप विकत घेण्याचा करार केला, आणि २०१३ मध्ये आलेला दुसरा भाग मोबाइलवर फुकट उपलब्ध झाला, पण त्यात आत खरेदी ठेवलेली होती. पहिल्या खेळात लेव्हल जिंकून हक्काने मिळणारी स्नो पी आणि स्क्वॉश यांसारखी झाडे त्या भागात आली तेव्हा खऱ्या पैशांना विकायला ठेवलेली होती. त्या भागाची चित्रे देखणी आहेत आणि झाडांना क्षणभर बळ देणारे खाद्य ही नवी सोयही चांगली आहे, पण जिंकल्यावर उरणारे बियाण्याचे पाकीट हा पहिल्या खेळाच्या आनंदाचा गाभा होता, आणि तोच तिथे पातळ झाला. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने संगणकावरची मूळ आवृत्ती घ्यावी, जी एकदा पैसे मोजून पूर्ण मिळते. माउसने खेळताना चौकोन अचूक साधतात, साध्यातला साधा संगणक तिला पुरतो, आणि ‘आय, झॉम्बी’ व न संपणारा सर्व्हायव्हल हे दोन्ही भाग तिच्यात आहेत. लहान मुलांच्या हाती ती निर्धास्त द्यावी. झॉम्बीचा हात गळून पडतो, डोके घरंगळते, पण रक्त कुठे दिसत नाही, आणि वाटाणे मोजता मोजता मुले कोणाच्याही मदतीशिवाय बेरीज-वजाबाकीचा डाव मांडू लागतात.